गोधडीत शिवलेला देव

तीर्थरूप आत्याबाई,

नमस्काराचं पुढं बघू. आज मी, तुमची सून, तुमच्यावर चिडलेली आहे, आणि चिडलेली असूनही इतकी खुशीत आहे की सकाळपासून दोनदा चहा उतू घालवला. तुम्हाला वाचता येत नव्हतं, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच तर लिहिते! आता तिथं वर कुणाच्या तरी हातापाया पडा आणि घ्या वाचून. मेढ काही तुम्हाला वाचून दाखवणार नाही.

आत्ताच का लिहिते? तुमचा देव सापडला.

हां, दचकू नका. दचकायचं सोंगही करू नका. तो कुठं होता ते तुमच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

आपल्या बाळूला, तुमच्या नातवाला, मुलगी झाली. सव्वा महिन्याची आहे. सुरेखा, म्हणजे तुमची नातसून, परवाच माहेराहून तिला घेऊन आली. काय सांगू आत्याबाई, काय ते ध्यान! नाक तुमचं घेतलंय, त्याला माझा इलाज नाही. बाकी सगळी माझ्यावर गेलीय. रडत नाही फार. नुसती बघते. आपण बोलावं आणि तिनं बघावं, अन् आपणच गप्प व्हावं असं बघते. तिच्या अंगाला नवं कापड टोचू नये म्हणून म्हटलं, जुनी मऊ गोधडी उसवून लहानशी दुपटी करू. तुम्ही शिवलेली ती निळ्या ठिगळांची गोधडी काढली. पडवीत बसले, कात्री घेतली, एकेक टाका उसवत चालले. मधल्या थरापाशी कात्री टच्‌कन अडली.

हिरव्या इरकली कापडाची गाठ होती. तुमच्या लुगड्याच्या पदराचं टोक, गाठीसकट कापलेलं. गाठ सोडवली तर आत खंडोबा! आपला चांदीचा टाक, बोटभर उंचीचा. घोड्यावर बसलेला, मागं म्हाळसा, पायाशी कुत्रं. काळा पडलेला, पण शाबूत.

मी बोटानं त्याच्यावरचा काळा थर पुसायला लागले. सुरेखा म्हणाली, "आत्या, बोट कापलं का?" मी मान हलवली. मग हसायला लागले. अशी हसले की पोरगी घाबरली, म्हणाली, "पाणी देऊ का?"

आता माझं ऐका. अकरा वर्षं मी ऐकलंय.

चंपाषष्ठीचा दिवस होता. तुमचे गुडघे धरले होते म्हणून देव घासायचं काम पहिल्यांदा माझ्याकडं आलं. पाच टाक. खंडोबा, भवानी, जोतिबा, बहिरोबा आणि पाचवा मामंजींचा, ते गेल्यावर बसवलेला. मी न्हाणीपाशी चिंच आणि राखुंडी घेऊन बसले. तुम्ही नैवेद्यासाठी ते हिरवं लुगडं नेसून आलात आणि लागलीच ओरडलात, "असं घासत्यात व्हय? देवाला घासतीयस का कढईला?" माझ्या हातातून खंडोबा घेतलात, वाकून घासून दाखवलात, पदरानं पुसलात. तेवढ्यात दारात वाघ्या आला, येळकोट म्हणून ओरडला. त्याला घालायला सुपातून बाजरी न्यायची, सुपाला दोन्ही हात लागणार. म्हणून तुम्ही देव पदराच्या टोकाला बांधलात आणि गेलात.

हे मला तेव्हा का आठवलं नाही? अहो, तुम्ही एवढा गहजब केलात की मला माझं नाव आठवेना! देव्हाऱ्यात चारच टाक बसले आणि तुम्ही छाती बडवून घेतलीत. चांगलं लुगडं खराब होईल म्हणून ते सोडून, गुंडाळून पेटीत टाकलंत, जुनं नेसलात आणि मोरीत कोपरापर्यंत हात घातलात. तीन दिवस आपण सगळ्यांनी उकिरडा चाळला. मोरीचं पाणी जातं तो अळूचा वाफा मी बोटांनी उकरला. माझी नखं गेली, आत्याबाई. देव पेटीत, आणि मी चिखलात!

मग तुम्ही कपाळाला भंडारा लावून सगळ्या आळीपुढं बोललात, "जवर माझा द्येव घरात येत न्हाई, तवर ह्या बाईशी माझी जीभ उचलायची न्हाई. आन् तवर देव्हाऱ्यात नवा टाकबी बसायचा न्हाई. हिच्या हाताला द्येव टिकत न्हाई."

झालं. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही मेढीशी बोलायला लागलात.

सोप्यातली ती लाकडाची मेढ, छपराला टेका दिलेला नुसता खांब! घरात चार माणसं, पण तुमची मैत्रीण एकच. मी चुलीपाशी, मेढ माझ्या पाठीशी, आणि तुम्ही उंबऱ्यात. "मेढी, भाकर करपतीय म्हणावं." "मेढी, येवतवाल्यांच्या घरात कालवणात मीठ घालायची रीत न्हाई वाटतं." माझं माहेर यवतचं, ते सुद्धा मेढीला सांगायचं! एकदा तुमचे चिरंजीव, म्हणजे आमचे हे, जेवता जेवता म्हणाले, "आई, शेवंता समोर बसलीय, तिला सांग की." तर तुम्ही मेढीला म्हणालात, "मेढी, माझ्या लेकाला म्हणावं, गप गिळ."

मी पण काही कमी नव्हते. पाडव्याला मेढीला हळदीकुंकू लावलं, तिच्या कमरेला खण बांधला. शेजारीण म्हणाली, हे काय गं? मी म्हटलं, "ह्या घरात माझी एवढीच नणंद. सासूचं सगळं ऐकून घेते बिचारी." तुम्ही आत होता. तुमचा खोकला ऐकला मी. हसू दाबलंत ना? आता सांगून टाका, कोण ऐकतंय.

पण हसण्याचे दिवस मोजके. देव्हाऱ्याला हात लावायचा नाही. आरतीला मागं उभं राहायचं. सणाला बायका कुजबुजायच्या, "हीच ती, देव घालवलेली." मलाही वाटायचं, गेला असेल माझ्या हातून. चोराला निदान आपण चोरी केली हे ठाऊक असतं, मला तेही नव्हतं.

आता सगळ्यात मोठं सांगते. ह्यासाठी मी तुम्हाला सोडणार नाही.

दुसऱ्याच वर्षी आपल्या मंगलचं लग्न निघालं. माझ्या पोटची पोर. लग्नाच्या सकाळी तुम्ही ते हिरवं लुगडं काढायला माजघराचं दार लावून घेतलंत. दारात वाजंत्री आली तरी दार उघडेना. उघडलंत तेव्हा अंगावर रोजचंच लुगडं. तोंड पांढरंफटक. मेढीला म्हणालात, "मेढी, उंदरानं पदर कुरतडला गं बाई."

उंदीर! पदराचं टोक कसं कात्रीनं कापल्यासारखं सरळ गेलं होतं, ते मी पुढं धुताना बघितलं होतं आणि मनात म्हटलं होतं, काय शिकलेला उंदीर आहे.

म्हणजे त्या सकाळी तुम्हाला ठाऊक झालं होतं. देव सापडला होता. देवक बसवायला पाटावर नवरीचे आईबाप बसतात. तुम्ही एक शब्द बोलला असतात तर मी बसले असते. पण पाटावर बसल्या दौंडच्या जाऊबाई. मी मागं, हातात तबक. जाऊबाई काय म्हणाल्या आठवतंय? "शेवंता, जरा अंतरावर हुबी ऱ्हा. सावली नगं पडाया." आणि तुम्ही तिथंच होता, मेढीला टेकून. मेढीकडं सुद्धा बघितलं नाहीत, खाली बघत होता. मी समजले, म्हातारीला नातीचं जाणं सहन होत नाही.

का बोलला नाहीत हो? लाज वाटली? सुनेपुढं "चुकलं" म्हणायचं तर जीभ वळेना? की एवढ्या गावापुढं भंडारा लावून बोललेलं माघारी घ्यायला शब्दच सापडेना?

मला तर तेव्हा शब्द उतू जात होते. तोंडानं नाही, पोटात. घोडनदीकाठच्या आपल्या रानात ज्वारी राखायला मी दुपारची एकटी असायची. बांधावर बसून तुम्हाला शिव्या घालायची. मनातल्या मनात, पण ठसक्यात. सकाळच्या वेगळ्या, दुपारच्या वेगळ्या. देवालाही ऐकवायची. म्हणायची, कुठं मेलास रे तू, माझ्या हातातून सुटून?

आणि काय झालं सांगू? शिव्या संपल्या.

खरंच संपल्या, आत्याबाई. माणूस किती शिव्या देणार? दोन वर्षांत माझ्याजवळच्या, यवतच्या, शिरूरच्या बाजारात ऐकलेल्या, सगळ्या देऊन झाल्या. मग एका दुपारी बांधावर बसले आणि आत काहीच येईना. शिवी येईना, आरती तर मला कधीच धड पाठ नव्हती, नवसही सुचेना. पाखरंसुद्धा गप होती. नदीचं पाणी वाहत होतं की थांबलं होतं कळत नव्हतं. मला वाटलं, आता मी रडणार. रडूही नाही. नुसतं कुणीतरी शेजारी येऊन बसल्यासारखं झालं. बोलत नव्हतं, विचारत नव्हतं. देव कुठं घालवलास, असं तर मुळीच विचारत नव्हतं.

मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. पुन्हा बसलं शेजारी.

तेव्हापासून मला तुमच्या देव्हाऱ्याची गरज राहिली नाही. तुम्ही घंटा वाजवायचात, तासभर पुटपुटायचात, आणि मी चुलीपाशी भाकरी फुगायची वाट बघत गप बसायची. भाकरी फुगते त्या क्षणी घरात जी शांतता असते ना, तेवढी मला पुरायची. तुम्हाला वाटायचं, सून झुरतेय. सून मजेत होती! तुम्ही मला शिक्षा म्हणून जे दिलंत, त्यातच तो मला भेटला.

नवी नवरी होते तेव्हा इनामगावला जुन्या वस्तीच्या खोदकामावर मातीच्या पाट्या टाकायला जायची मी. तिथं कधीकाळच्या घराच्या जमिनीखाली मातीच्या डबीत एक देवी निघाली असं सगळे सांगायचे. तिला डोकंच नव्हतं म्हणे. मी तेव्हा हसले होते. तोंड नाही ती देवी भक्ताला काय सांगणार? आता कळतं. कुणाच्या तरी घरात ती तशीच, न बोलता, नांदली असेल. तिथल्या सासवा कशा होत्या ते काही कुणी सांगितलं नाही.

अबोल्याच्याच दिवसांत शाळेत दुपारचा बायकांचा लिहायवाचायचा वर्ग निघाला. मी गेले. मला बोलायला घरात कुणी नव्हतं ना, मग म्हटलं पाटीशी बोलू. बाई सांगायच्या, लिहिताना हाय नि न्हाई लिहायचं नाही, आहे आणि नाही लिहायचं. बघा, लिहिते की नाही? म्हणजे हे पत्रही तुमच्याच अबोल्यानं लिहिलंय म्हणा.

मग मला टायफॉईड झाला. घरातले सगळे शेतात, मी सोप्यात कुडकुडत पडलेली. तुम्ही उंबऱ्यात येऊन मेढीला म्हणालात, "मेढी, हिच्या अंगावर कायतरी घाल म्हणावं." मेढ हलली नाही. तुम्ही थोडा वेळ तिच्याकडं बघत राहिलात. मग स्वतःच ती निळ्या ठिगळांची गोधडी आणलीत आणि माझ्या अंगावर घातलीत. गळ्यापर्यंत. कडा आत खोचल्यात. लहान पोराला खोचतात तशा.

तेव्हापासून ती माझीच गोधडी. छातीवर काहीतरी टोचायचं. मी म्हणायची, म्हातारीची नजर गेली, शिवण गोळा झालीय. अहो, तो खंडोबा टोचत होता! एवढी वर्षं मी त्याला पांघरून निजले आणि गाव म्हणत होतं, हिच्या हाताला देव टिकत नाही!

मुद्दाम घातलीत ना ती गोधडी? खरं सांगा. पेटी होती, कोनाडे होते, धान्याची कणगी होती. लपवायला जागा काय कमी? माझ्याच अंगावर घातलीत. जिभेला जे जमलं नाही ते सुईनं केलंत. म्हणून मी तुम्हाला माफ करावं? मुळीच नाही! पण माझ्या ध्यानात आलंय, एवढं कळवते.

आणि शेवटची दुपार. पाच वर्षं मी तिचा वेगळाच अर्थ लावत बसले होते. तुमची जीभ जड झालेली. थंडी वाजत होती म्हणून मीच ती गोधडी तुमच्यावर घातली. तुम्ही ती माझ्याकडं ढकलायला लागलात. मी घालायची, तुम्ही ढकलायचात. बोटांनी मधोमध टकटक करायचात. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी तुमच्याशी बोलले, "आत्याबाई, गरम होतंय का?" तुम्ही मान हलवलीत. मेढीकडं बघितलंत. मग माझ्याकडं. ओठ हलले. आवाज काही आला नाही. मी आपली चमच्यानं पाणी घालत बसले. तुम्ही ते गिळलंत आणि माझा हात धरून त्या शिवणीवर ठेवलात. मी म्हटलं, बरं बरं, पडा आता.

बरं बरं, म्हणे! मी तरी काय शहाणी होते?

तर आज देव सापडल्यावर पहिलं काम काय केलं असेल? दौंडला फोन लावला. कितीतरी वर्षं मी ह्या फोनची वाट बघत होते, घरात फोन यायच्या आधीपासून. जाऊबाईंनी उचलला. मी म्हटलं, "देव सापडला."

"आगं बया! कुठं गं? कसा?"

आत्याबाई, माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. पदर, गाठ, कात्री, उंदीर. तुमचं नाव सगळ्या भावकीत असं वाजलं असतं की वाजंत्री नको. तारेतून नुसता घुंऽऽ आवाज येत होता. जाऊबाई म्हणत होत्या, "शेवंता? हायेस का?" आणि माझ्या शेजारी ते येऊन बसलं. बांधावरचं. तसंच, न विचारता.

मी म्हटलं, "घरातच होता," आणि फोन ठेवला.

आमचे हे टाक हातात घेऊन उलटसुलट करून बघत होते. त्यांना सगळं सांगितलं, त्यांची आई आहे. म्हणाले, "जाऊ दे शेवंता. गेलेल्या माणसावर राग धरू नये." मी म्हटलं, "तुमची आई गेली. माझी अकरा वर्षं कुठं गेलीत? ती हितंच हायत." त्यांनी डोळे पुसले. मग विचारलं, "दौंडच्या वहिनीला का न्हाई सांगितलंस?" मी म्हटलं, "सूड माझा हाय. त्यात दौंडकरांना कशाला वाटा?"

आता ऐका सूड.

तुम्ही भंडारा लावून दुसरंही एक बोलला होता. खंडोबा येईस्तोवर नवा टाक बसायचा नाही. मामंजींच्या डावीकडची जागा दाखवून तुम्ही किती वेळा म्हणायचात, "हितं माझी जागा." आणि स्वतःच्याच बोलण्यानं पाच वर्षं बाहेर राहिलात! देव शिवून टाकलात आणि स्वतःचीच वाट बंद करून घेतलीत. मधल्या काळात आपल्या घराला स्लॅब पडला, लाकडं काढली, नवा देव्हारा आला. तरी तुमची जागा रिकामी. मला कळायचं नाही, ही म्हातारी आपल्याच जागेवर दगड ठेवून का गेली. तुम्हाला मात्र तेव्हा ठाऊक होतं. ठाऊक असून गप्प राहिलात. तेवढं मोल तुम्ही दिलंत, हे मी मानते.

आता देव घरात आलाय. चिंच लावून मीच घासला, तुम्ही दाखवलं होतं तसा. ह्या घराचे देव आता माझ्या हातात आहेत. तुम्हाला आत घ्यायचं की बाहेर ठेवायचं, तेही माझ्याच हातात आहे. दिवसभर मी ह्याच विचारात फिरले. किती गोड वाटत होतं म्हणून सांगू! पोरीला झोळीत झोका देत होते आणि म्हणत होते, ठेवू का गं तुझ्या पणजीला बाहेर? ती नुसती बघत होती. तुमचं नाक घेऊन.

ठरलं ते सांगते. उद्या शिरूरला जाऊन सोनाराला टाक सांगणार. तुमचा. नाक नीट ठोकायला लावीन. येत्या चंपाषष्ठीला तुम्हाला मामंजींच्या डावीकडं बसवीन. पाटावर मी बसेन, मी. जाऊबाई मागं तबक धरतील.

आणि मग रोज सकाळी तुम्हाला अंघोळ घालीन, हळदकुंकू लावीन, फूल वाहीन, तुमच्या समोर बसेन. पण बोलणार नाही. एक शब्दसुद्धा नाही. तुम्ही टाकातून बघत राहा आणि मी समोर गप. कसं वाटतं ते कळू द्या. खंडोबाशीही मी तशीच असते, त्याची तक्रार नाही. तुम्हाला त्या शांततेत तो भेटला तर भेटू दे, मी आड येणार नाही. मला भेटला तेव्हा तुम्हीही आड आला नव्हतात.

हे माझं शेवटचं बोलणं. एवढं वचन देते की अबोला तुमच्यासारखाच पाळीन, पुरा. ती जुनी मेढ मी स्लॅबच्या वेळी टाकू दिली नाही. गवंडी हसला होता. पडवीच्या पत्र्याखाली उभी केलीय, पोरीची झोळी तिच्या शेजारीच आहे. समजा एखाद्या सकाळी तुमच्यापुढं बसून माझ्या तोंडून शब्द निघायला आलाच, तर मी उठून पडवीत जाईन आणि मेढीला सांगेन.

तुम्ही आतून ऐका.

तुमची सून,
आता घरातले पाचही देव सांभाळणारी,
शेवंता